शिट्टी मारण्यामागचा इतिहास

तमाशाच्या फडात किंवा थिएटरात पुढच्या रांगेतून पडणारी शिट्टी ही दाद असते, तिकीट काढून दिलेली. रस्त्याने जाणाऱ्या मुलीला पाहून मारलेल्या शिट्टीची गोष्ट वेगळी. एक सूर चढता, दुसरा घसरता, एवढंच तिचं संगीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ती विनोदाचा हुकमी मसाला होती. टेक्स एव्हरीच्या 1943च्या कार्टूनमध्ये सूटबूट घातलेला लांडगा नाइटक्लबातल्या गायिकेला पाहून शिट्ट्या मारतो, टेबल बडवतो, अक्षरशः केकाटतो. लोक पोट धरून हसले.

त्यानंतर 12 वर्षांनी, ऑगस्ट 1955मध्ये, शिकागोचा 14 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एमेट टिल मिसिसिपीतल्या मनी या गावी नातेवाइकांकडे आला होता. एका किराणा दुकानाबाहेर त्याने दुकानदाराच्या गोऱ्या बायकोला पाहून शिट्टी मारली, असं सोबतच्या भावंडांनी सांगितलं. चार दिवसांनी मध्यरात्री त्याला घरातून उचलून नेलं. प्रेत नदीत सापडलं, गळ्यात काटेरी तारेने बांधलेला कापसाच्या जिनिंगचा अवजड पंखा. आई मेमी यांनी शवपेटी उघडीच ठेवायला लावली; पोराचं काय केलंय ते जगाला दिसू दे, म्हणून. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने दोघा आरोपींना तासाभरात निर्दोष सोडलं. पुढे त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली! लांडग्याला माफ असलेली शिट्टी कुणी मारायची, हेही ठरलेलं होतं तर.

शिट्टी मुळातच आगाऊ असते असं मात्र नाही. मेक्सिकोतल्या किकापू जमातीत पूर्वी प्रेमासाठी बासरी वाजवत. साधारण 1915पासून तिची जागा शिट्टीने घेतली. दोन्ही हातांची ओंजळ करून, अंगठ्यांच्या सांध्यांशी ओठ लावून संध्याकाळी पोरं-पोरी एकमेकांना बोलावत: ‘ये’, ‘थांब जरा’. मुलगीही शिट्टीतच उत्तर देई. मला सगळा फरक इथेच दिसतो. रस्त्यावरच्या शिट्टीला उत्तर नकोच असतं. पोरगी थांबून ‘काय काम आहे?’ म्हणाली तर शिट्टीबहाद्दराची बोबडी वळेल.

आपल्याकडचा कायदा याबाबत बराच जुना आहे. 1860च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 509मध्ये स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं, हावभाव करणं यांच्यासोबत ‘आवाज काढणं’ही गुन्हा होतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैदेची होती, 2013मध्ये ती तीन वर्षांवर गेली. 1 जुलै 2024पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 79मध्ये आहे.