दगडी तट ढासळला, मातीचा कूस टिकला : कॉन्स्टँटिनोपल, १४५३

१४५३ साली बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याकडे राजधानी कॉन्स्टँटिनोपल आणि ग्रीसमधला थोडा मुलूख एवढेच उरले होते. तोफा ओतणारा हंगेरियन कारागीर ऑर्बान आधी त्यांच्याच दारी आला होता, पण सम्राट अकराव्या कॉन्स्टंटाइनला त्याचा पगार झेपेना. मग तो ऑटोमन तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमद याच्याकडे एदिर्नेला गेला; मेहमदला कॉन्स्टँटिनोपल जिंकायचे होते.

तोफ ओतायची म्हणजे आधी मातीकाम. नुसती माती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात तंतू घालून ती कित्येक दिवस मळायची. आत मातीचा गाभा, भोवती साचा, मधल्या फटीत वितळलेले कांसे. नळी सुमारे ८ मीटर लांब; दगडी गोळा ५०० किलोंहून जड. आकडा फुगवलेला वाटेल, पण पाऊण मीटर व्यासाचा ग्रॅनाइटचा गोळा खरोखरच ५८० किलोंच्या आसपास भरतो. (आपल्याकडची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली; तिचा कारागीर ‘रूमी’, म्हणजे ऑटोमन तुर्की मुलखातला.)

मागच्या अरुंद कोठीत दारू भरायची, तिच्यावर लाकडी गुडदी घट्ट ठासायची, मग गोळा. गुडदी सैल बसली की वायू कडेने निसटतो आणि गोळा अलीकडेच पडतो. बार उडाल्यावर तापलेले कांसे एकदम गार झाले तर तडकते, म्हणून वरून कोमट तेल ओतत. एवढ्या उठाठेवीत दिवसाला जेमतेम सात बार होत.

नेमबाजीची युक्ती अशी, की एकाच जागी मारत बसायचे नाही. पहिले दोन गोळे खाली, एकमेकांपासून थोड्या अंतरावर. तिसरा त्यांच्या मधोमध वर. त्रिकोण पूर्ण झाला की आधार गेलेला तुकडा आपल्याच वजनाने कोसळतो.

वेढ्यात सापडलेल्या शहरातल्यांनी तटावर लोकरीचे गठ्ठे आणि कातडी टांगून पाहिली. काही उपयोग झाला नाही. लायकस ओढ्याच्या खोलगट भागात बाहेरच्या तटाला खिंडार पडले, तेव्हा मात्र त्यांनी रातोरात लाकडे, फांद्या आणि माती रचून कूस उभा केला, वर मातीने भरलेली पिंपे ठेवली. दगडी भिंतीत धक्का सांध्यासांध्यांतून पसरतो नि चुना सुटतो. मातीचे कण एकमेकांवर घासत सरकतात, गोळ्याचा जोर त्यातच जिरतो आणि गोळा आत रुतून बसतो. शिवाय दोन बारांमधल्या तासांत भर टाकता येते.

२९ मेच्या पहाटे या कुसावर शहराच्या बाजूने लढणारा, इटलीतल्या जेनोवाचा सेनानी जुस्तिनियानी जखमी होऊन निघाला. त्याची माणसे मागोमाग हटली, आणि जानिसारी, म्हणजे सुलतानाचे निवडक पायदळ, कुसावर चढले.