मणक्याचं ऑपरेशन झालेल्या मुलांचं सोडियम का घसरतं, त्याची मागची गोष्ट
पाठीचा कणा सरळ करायचं मोठं ऑपरेशन झालं की पहिल्या एक-दोन दिवसांत बऱ्याच मुलांची लघवी कमी होते आणि रक्तातलं सोडियम (मिठातला मुख्य घटक) लिटरमागे १३५ मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली जातं. ह्याची मुळं १९५७ सालात आहेत, आणि गंमत म्हणजे एकाच वर्षात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या ज्यांचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

एक म्हणजे श्वार्ट्झ, बार्टर वगैरे मंडळींनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे दोन पेशंट दाखवले, ज्यांचं शरीर गरज नसताना पाणी धरून ठेवत होतं, म्हणजे किडनीला पाणी धरून ठेवायला लावणारं एडीएच हार्मोन नको तेव्हा काम करत होतं, आणि त्या जादा पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होत होतं. ह्यालाच पुढे एसआयएडीएच म्हणायला लागले. दुसरी म्हणजे हॉलिडे आणि सेगर यांचा सलाईनचा हिशोब: वजनाच्या पहिल्या १० किलोला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० ला ५०, त्यावर २०. म्हणजे ५० किलोच्या मुलाला दिवसाला २१०० मिली. सोपा असल्यामुळे तो जगभर पाठ झाला, पण त्यातलं मिठाचं, म्हणजे सोडियमचं, प्रमाण दुधातल्या मिठावरून काढलेलं, म्हणजे लिटरमागे साधारण ३० मिलिइक्विव्हॅलंट, आणि नॉर्मल सलाईनमध्ये असतं १५४!

मग १९६२ मध्ये हॅरिंग्टन या सर्जनने कणा सरळ धरून ठेवणाऱ्या आपल्या रॉडचं काम छापलं आणि कण्याची मोठी ऑपरेशन्स वाढली. वेदना, मळमळ, रक्तस्राव, मॉर्फिनसारखी औषधं, हे सगळं एडीएच वाढवतं, त्यात लघवी कमी दिसली की डॉक्टर अजून सलाईन लावायचे, तेही कमी मिठाचं, आणि सोडियम अजून खाली. १९८० च्या दशकात अशा मुलांवर पेपर आले. १९९२ मध्ये एरिफ यांनी सोडियम घसरून मेंदूला सूज आल्याने दगावलेल्या किंवा मेंदूला कायमची इजा झालेल्या मुलांच्या केसेस मांडल्या (ऑपरेशन साधंच असलेली मुलंही त्यात होती), तरी सवय मोडायला फार वेळ लागला आणि माझ्या मते ह्यात त्या सोप्या हिशोबाचाच मोठा हात आहे.

२०१५ मध्ये ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने आणि २०१८ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आयसोटॉनिक, म्हणजे साधारण रक्ताइतकंच मीठ असलेलं, सलाईन द्या असं सांगितलं. पण त्याने सगळं सुटत नाही, कारण एडीएच जोरात असेल तर किडनी मीठ लघवीतून टाकते आणि पाणी ठेवते, म्हणून सलाईन किती द्यायचं तेही आवरतं ठेवतात आणि सोडियम पुन्हा पुन्हा तपासतात. शिवाय लघवीतून मीठ आणि पाणी दोन्ही वाहून जाणारा सेरेब्रल सॉल्ट वेस्टिंग हा वेगळाच प्रकार असेल तर मात्र पाणी आवरून चालत नाही, उलट भरून द्यावं लागतं.