अन्यधर्मीय मृत नातेवाइकांसाठी कॅथलिक प्रार्थना

हिंदू आजी, मुस्लिम सासरे किंवा कुठलाच धर्म न मानणारा भाऊ यांच्यासाठी कॅथलिक माणसाने त्यांच्या मृत्यूनंतर केलेली प्रार्थना. धर्मांतरित आणि मिश्रविवाहाच्या घरांत हा प्रश्न हमखास येतो. बाप्तिस्मा नसलेल्याच्या नावाने मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मागता येत नाही, हा समज चुकीचा आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधील (कॅथलिक चर्चच्या कायद्यातील) ९०१ व्या कलमाप्रमाणे जिवंत वा मृत, कोणासाठीही मिस्सा अर्पण करायला धर्मगुरू मोकळा असतो. यामागचा विचार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ‘लुमेन जेन्सियम’ या दस्तऐवजाच्या १६ व्या परिच्छेदात सापडतो: ज्यांना शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, कळले नाही, पण त्यात त्यांचा दोष नाही आणि जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते.

घरची जपमाळ किंवा चिरशांतीची प्रार्थना यांना कोणाची परवानगी लागत नाही. मिस्सेसाठी चर्चच्या कार्यालयात नाव, तारीख आणि ‘मृतासाठी’ हा हेतू लिहून द्यावा. हिंदू नातेवाइकासाठी मिस्सा श्राद्धाच्या दिवशीच हवी असेल, तर ती तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. ती पंचांगात आधी पाहून घ्यावी, नाहीतर दिवस हुकतो. दक्षिणा ऐच्छिक असते. ती नसली तरी गरजूंच्या हेतूसाठी मिस्सा करावी, अशी शिफारस ९४५ व्या कलमात आहे.

घोळ होतो तो शब्दांत. मिस्सेत भाकर व द्राक्षरसावर म्हणायच्या मुख्य प्रार्थनेला युखरिस्त प्रार्थना म्हणतात, आणि तिचे क्रमांक दिलेले वेगवेगळे पाठ आहेत. मृतांच्या मिस्सेत दुसऱ्या व तिसऱ्या युखरिस्त प्रार्थनेत जोडायचा खास मजकूर ‘ख्रिस्ताच्या मरणात त्याच्याशी एक झालेला’ असे म्हणतो. हा थेट बाप्तिस्म्याचा उल्लेख आहे, म्हणून तो इथे बसत नाही. चौथ्या प्रार्थनेत मात्र ‘ज्यांचा विश्वास केवळ तुलाच ठाऊक होता’ अशा सर्व मृतांचे स्मरण मुळातच आहे.

मृतासाठी मिस्सा वेगळी आणि ख्रिस्ती अंत्यविधी वेगळा. अंत्यविधी ११८३ व्या कलमाच्या चौकटीत चालतो. बाप्तिस्म्याची तयारी करणारे त्यात श्रद्धावंतांमध्येच धरले जातात. आईवडिलांना बाप्तिस्मा द्यायचा होता असे मूल असेल, तर बिशपांची परवानगी लागते. इतर चर्चच्या ख्रिस्ती मृतांसाठी जाहीर मिस्सेला १९७६ च्या व्हॅटिकन आदेशाने वाट दिली, पण युखरिस्त प्रार्थनेत त्यांचे नाव घ्यायचे नाही, ही अट घातली.