लिनन कापसाच्या मागे का पडलं?

लिनन जवसापासून बनतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, जवस म्हटलं की डोळ्यासमोर बी आणि तेलच येतं. पण हे कापड फार जुनं आहे. इजिप्तमधल्या तारखानला सापडलेला लिननचा अंगरखा ५,००० वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याच्या कोपरापाशी नि काखेत पडलेल्या चुण्या आजही दिसतात, म्हणजे कोणीतरी तो खरंच अंगात घालून वावरलंय! मला तर फोटो बघूनच काटा आला.

चुण्या पडतात कारण जवसाच्या तंतूत लवचिकपणा अगदी कमी, दुमडला की दुमडलेलाच राहतो. पण तोच तंतू घाम पटकन शोषतो, लवकर वाळतो आणि ओला झाला की आणखी मजबूत होतो. मग इतकं गुणी कापड मागे का पडलं?

माझ्या मते खरी अडचण डिंकाची. तंतू खोडाच्या सालीत पेक्टिन नावाच्या डिंकाने चिकटलेले असतात. रोप कापत नाहीत, लांबी वाया जाऊ नये म्हणून मुळासकट उपटतात, मग डिंक सुटावा म्हणून दवात किंवा पाण्यात कुजवतात, तागासारखंच, मग काड्या ठेचायच्या, झोडायच्या, तंतू विंचरायचे. एवढं करूनही थोडा डिंक उरतोच. हाताने कातणाऱ्या बायका बोटं थुंकीने ओली करून धागा ओढायच्या, त्याने तो मऊ आणि गुळगुळीत निघायचा. मशीनला हे कुठून जमणार? कापसाची सूतकताई १७६९ नंतर भराभर यंत्रावर गेली, लिननचं बारीक सूत मात्र हातावरच राहिलं आणि महाग पडत गेलं.

१८१० मध्ये नेपोलियनने जवस कातणाऱ्या यंत्रासाठी १० लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. फिलिप द जिरार्द या फ्रेंच इंजिनियरने त्याच वर्षी ओल्या कताईच्या यंत्राचं पेटंट घेतलं, पण बक्षीस काही त्याच्या हाती पडलं नाही. पुढे तो पोलंडला गेला, तिथलं झिरार्डूफ शहर त्याच्याच नावाचं. १८२५ मध्ये इंग्लंडच्या जेम्स के याने तंतू पाण्यात भिजवून कातायची पद्धत आणली आणि मग आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये गिरण्यांवर गिरण्या उभ्या राहिल्या. अमेरिकन यादवीत (१८६१-६५) कापूस आटला तेव्हा तर तिथे लिननला प्रचंड मागणी आली. थुंकीच्या जागी आता गरम पाण्याची पन्हळ होती आणि सूत कातणाऱ्या पोरी वाफेत, ओल्या फरशीवर दिवसभर अनवाणी उभ्या असायच्या.