नवगावचे दोन ढिगारे

कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी समाजाच्या आगमनाची, अलिबागजवळच्या नवगावची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. खांदेरी-उंदेरीच्या आसपास जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या तरल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेतं पुरली. पुरुषांचा ढिगारा वेगळा, बायकांचा वेगळा. वाचलेल्यांचे वंशज घाण्यावर तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली.

खरा गुंता आहे जहाज फुटल्याच्या सालाचा. आज जिथे तिथे इ.स.पू. १७५ छापलेलं दिसतं. ढिगाऱ्यांवर मात्र कोणी साल कोरलेलं नाही. ते मांडलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, समाजातल्याच एका इतिहासकाराने. त्याचा आधार असा, की कोकणातल्या या मंडळींना हनुक्का हा यहुद्यांचा दिव्यांचा सण माहीत नव्हता, अर्थात तो सण सुरू होण्याआधीच पूर्वजांनी मायदेश सोडला असणार. युक्तिवाद चतुर आहे, पण लंगडा. सगळे ग्रंथ बुडाले, 'शेमा' ही यहुदी प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली, असं हीच कथा सांगते. मग एक सण आठवत नाही यावरून गलबत हाकारल्याचं साल कसं काढायचं? काही अभ्यासक हे आगमन कित्येक शतकं अलीकडे आणतात. कोचीनच्या ज्या धर्मशिक्षकाने यहुदी आहारनियमाप्रमाणे खवले-पर असलेलीच मासळी रांधणाऱ्या बायका पाहून या लोकांना ओळखलं म्हणतात, त्याचा काळही कोणी अकराव्या शतकात नेतो, कोणी थेट अठराव्या.

चौदा आकड्यानेही घोळ वाढवला. परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं जिवंत करून चित्पावन घडवले, ही आख्यायिका याच किनाऱ्यावरची. चित्पावनांची गोत्रंही चौदाच. त्यावरून दोन्ही समाज एकाच जहाजातले, असं हौसेने सांगणारे कमी नाहीत. त्याला पुरावा म्हणावा असं काही नाही. शेजाऱ्यांनी एकमेकांची गोष्ट उचलली असणं अधिक पटतं.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लग्न नोंदवताना त्यांच्याकडे मागच्या पिढ्यांच्या यहुदीपणाचा पुरावा मागितला गेला. आंदोलन झालं, १९६४मध्ये अट मागे घेतली गेली. तोवर नवगावची गोष्ट घरात सांगायची राहिली नव्हती, ती कैफियत झाली होती. पुढे दफनभूमीत स्मारकस्तंभ उभा राहिला. परदेशातून येणारी कुटुंबं आता नवगाव करतात, आणि नवस फेडायला, मलिद्याच्या विधीला अलिबागजवळच्याच खंडाळ्याच्या एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, खडकाकडे वळतात.