डिग्रीची अट निघतेय, पण ती आली कुठून

हल्ली नोकरीच्या जाहिरातीत 'डिग्री नसली तरी चालेल, स्किल हवं' असं दिसलं की सगळ्यांना वाटतं ही एआयची करामत. पण माणूस डिग्री बघून घ्यायचा की टेस्ट घेऊन, हा वाद त्याहून बराच जुना आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या घाऊक बुद्धिचाचण्या झाल्या, पुढे तसल्या परीक्षा कंपन्यांत शिरल्या, तो भाग सोडून देऊ. खरा गुंता १९७१चा आहे.

अमेरिकेतली एक वीज कंपनी कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजुरीच्या खात्यात ठेवायची. १९५५ला बाकीच्या बऱ्या पगाराच्या खात्यांसाठी हायस्कूल पासची अट आली, आणि जुलै १९६५मध्ये भेदभावविरोधी कायदा ज्या दिवशी लागू झाला बरोब्बर त्याच दिवशी कंपनीने वर दोन लेखी टेस्टही लावल्या, आता याला योगायोग म्हणायचं तर म्हणा. त्यात त्या खात्यांत आधीपासून असलेले, हायस्कूल न झालेले लोक व्यवस्थित काम करत होते, बढत्याही मिळवत होते. १९७१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की एखाद्या अटीमुळे एक गट मोठ्या संख्येने बाहेर पडत असेल तर त्या अटीचा कामाशी काय संबंध ते मालकाने दाखवायचं, 'आमचा हेतू वाईट नव्हता' एवढ्यावर भागणार नाही.

भांडण इथूनच सुरू होतं. काहींच्या मते या निकालाने कंपन्या घाबरल्या, स्वतःच्या टेस्ट बंद करून डिग्रीच्या आड लपल्या, म्हणजे डिग्रीचं स्तोम कोर्टानेच माजवलं. मला हे फारसं पटत नाही. निकालात शिक्षणाची अटही टेस्टइतकीच उडवली होती हे सोयीस्करपणे विसरलं जातं, शिवाय जिथे हा निकाल लागूच होत नाही त्या देशांत तरी डिग्रीचं वेड कुठे कमी आहे? डिग्री ही कंपनीला फुकटात मिळणारी चाळणी आहे, तिचा खर्च उमेदवार करतो, एवढं साधं आहे ते.

मग अर्ज ऑनलाइन झाले, ढीग वाढला, सॉफ्टवेअर कीवर्ड बघून गाळायला लागलं. २००८च्या मंदीत माणसं भरपूर आणि जागा कमी, त्यामुळे आधी बिनडिग्रीवाले करायचे त्या कामांनाही डिग्री चिकटली. कोविडनंतर माणसं मिळेनात तेव्हा कुठे ती काढायची घाई सुटली, पण २०२४च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की या बदलाचा प्रत्यक्ष फायदा ७०० भरत्यांमागे एकालाही झाला नव्हता. जाहिरात बदलली, पण मुलाखत घेणारा मॅनेजर तोच!

२०२२च्या अखेरीस चॅटबॉट आले आणि रेझ्युमे, कव्हर लेटर, घरी करायची असाइनमेंट सगळंच एकसारखं गुळगुळीत यायला लागलं. म्हणून आता स्क्रीन शेअर करून समोर काम करून दाखवा म्हणतात, म्हणजे फिरून टेस्टच आली. उमेदवार गाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं भेदभावासाठी ऑडिट करा आणि उमेदवाराला आधी कळवा, असा नियम अमेरिकेतल्या एका महानगरात जुलै २०२३पासून अमलात आहे.