कुत्रीचे निर्बीजीकरण : शस्त्रक्रियेनंतरची निगा

कुत्रीची अंडाशये, आणि बहुधा त्यांबरोबर गर्भाशयही, काढून टाकल्यावर जखम भरेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, घ्यायची काळजी. बोलण्यात ‘नसबंदी’ हा शब्द रूढ असला तरी यात नस बांधत नाहीत, अवयवच काढतात. छेद बेंबीखाली पोटाच्या मध्यरेषेवर किंवा पोटाच्या बाजूला, कुशीवर घेतात. तो दिसतो लहान, पण शस्त्रक्रिया पोट उघडूनच केलेली असते.

पहिल्या रात्री भुलीचा अंमल असतो. कुत्री झोकांड्या खाते, कण्हते, तिचे अंग गार पडते. तिला उघड्या फरशीवर न ठेवता जमिनीलगत गोधडीवर निजवावे. पलंगावर ठेवल्यास ती उडी मारते. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी घोटभर पाणी, मग नेहमीच्या निम्मा मऊ भात द्यावा. कांदा-लसूण घातलेले घरचे जेवण टाळावे, ते कुत्र्यांना विषारी असते. भूल देताना घशात घातलेल्या नळीमुळे एक-दोन दिवस खोकला येऊ शकतो.

खरी कसोटी पहिल्या रात्रीची नव्हे, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनची. दुखणे कमी होते, शेपटी हलू लागते आणि घरच्यांना वाटते, झाली बरी. पोटाच्या भिंतीचे आतले टाके मात्र तेव्हा एकट्याने भार पेलत असतात. जिना, सोफ्यावरची उडी, दुसऱ्या कुत्र्याशी दंगामस्ती यांनी ते सुटले, तर आतडे बाहेर डोकावण्यापर्यंत वेळ येते. म्हणून शी-शूपुरते पट्ट्याला धरून फिरवणे, एवढीच मोकळीक. उचलायचे झाल्यास एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पोटाला दाब नको.

‘चाटल्याने जखम भरते’ हा समज फार चिवट आहे. चाटण्याने टाके ओले राहतात, जंतुसंसर्ग होतो आणि कधी टाकेच निघून येतात. गळ्यातला प्लॅस्टिकचा शंकू तिला आवडत नाही, पण रात्रीही काढू नये. अंघोळ नाही, जखमेवर हळद नाही. माणसांची आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी औषधे तर मुळीच नाहीत. त्यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पावसाळ्यात माश्यांवर विशेष लक्ष हवे, कारण उघड्या जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही.

कडेला किंचित सूज, लाली चालते. पू, दुर्गंधी, टपकणारे रक्त, सुटलेला टाका, वारंवार ओकाऱ्या किंवा दिवसभर अन्न न शिवणे, यांपैकी काहीही दिसल्यास पशुवैद्य गाठावा. पांढुरक्या हिरड्या दिसल्या तर तासभरही थांबू नये, पोटात रक्तस्राव असू शकतो. त्वचेचे टाके न विरघळणारे असल्यास १० ते १४ दिवसांनी काढतात. पुढे भूक वाढते, ऊर्जेची गरज मात्र घटते. आहार तसाच ठेवल्यास वजन चढते.

रस्त्यावरच्या कुत्रीला ही निगा देणारे घर नसते. तिला काही दिवस केंद्रात ठेवून, कानाला खुणेचा काप देऊन, पकडले त्याच भागात सोडतात. भारतात हे काम आता प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार चालते.